बंध की नुसती चमक: क्लिक अभिक्रियेने रंजक जोडण्याच्या प्रकल्प नोंदी

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

प्रकल्पाला आज सुरुवात झाली. काम दोन टप्प्यांचे आहे. पहिल्या टप्प्यात गाईच्या रक्तद्रवातले अल्ब्युमिन, म्हणजे रोजच्या बोलण्यात आम्ही ज्याला बीएसए म्हणतो ते प्रथिन घेऊन त्याला क्लिक अभिक्रियेने फ्लुओरेसंट, म्हणजे प्रकाश शोषून वेगळ्या रंगात चमकणारा, रंजक जोडायचा आणि एका प्रथिन रेणूवर सरासरी किती रंजक बसले हे खात्रीने सांगता येईल अशी पद्धत बसवायची. दुसऱ्या टप्प्यात हीच अभिक्रिया पेशींवर करून, ठरावीक तासाभरात तयार झालेला नवा डीएनए सूक्ष्मदर्शकाखाली उजळून दाखवायचा. शेजारच्या पेशीविज्ञान गटाला खरी गरज दुसऱ्या टप्प्याची आहे. परंतु स्वस्त, भरपूर मिळणाऱ्या आणि नीट मोजता येणाऱ्या प्रथिनावर हात बसल्याशिवाय पेशींकडे वळायचे नाही, असे मॅडमनी पहिल्याच बैठकीत ठरवून दिले.

माझ्याबरोबर एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी काम करणार आहे. तिने आज विचारलेला प्रश्न नोंदवून ठेवण्यासारखा आहे. "ताई, रंजक थेट लायसीनला जोडणारे एनएचएस एस्टर विकत मिळतात, मग मध्ये अल्काइन आणि अझाइड कशाला आणायचे?" केवळ बीएसए रंगवायचे असते, तर तिचे म्हणणे बरोबरच होते. पण लायसीन हे अमिनो आम्ल पेशीतल्या बहुतेक प्रत्येक प्रथिनात असते. तेथे असा रंजक सोडला तर हवे ते आणि नको ते सारखेच रंगेल. अझाइड म्हणजे एका ओळीतले तीन नायट्रोजन, आणि टोकाचे अल्काइन म्हणजे तिहेरी बंधाने जोडलेले दोन कार्बन. हे दोन्ही गट प्राण्यांच्या पेशीत मुळात नसतात, आकाराने इतके लहान असतात की पेशीची यंत्रणा त्यांची फारशी दखल घेत नाही, आणि पाण्यात, ऑक्सिजनच्या व इतर हजारो रेणूंच्या गर्दीत ते केवळ एकमेकांशीच जुळतात. याच जोडणीला क्लिक अभिक्रिया म्हणतात. प्रथिनाला किंवा डीएनएला आधी लहानसे अल्काइन द्यायचे आणि त्याला शोधून काढणारा मोठा, रंगीत अझाइड नंतर आणायचा, ही या पद्धतीतली खरी सोय आहे.

अझाइड आणि अल्काइन यांच्यापासून ट्रायझोलचे पाच अणूंचे वलय बनते, हे म्युनिकच्या रॉल्फ हुइसगेन यांनी १९६० च्या दशकात तपशीलवार अभ्यासले होते. मात्र त्या अभिक्रियेला उष्णता लागे आणि १,४ व १,५ अशा दोन प्रकारच्या ट्रायझोलांचे मिश्रण मिळे. २००२ मध्ये कोपनहेगनमधील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मॉर्टेन मेल्डाल आणि अमेरिकेतील स्क्रिप्स संस्थेत बॅरी शार्पलेस व व्हॅलेरी फोकिन यांनी स्वतंत्रपणे दाखवले की एकसंयुजी तांबे उत्प्रेरक म्हणून घातले, तर ही अभिक्रिया साध्या तापमानाला, कित्येक पटींनी वेगाने होते आणि फक्त १,४ ट्रायझोल मिळते. तांबे जिवंत पेशींना मानवत नाही म्हणून कॅरोलिन बर्टोझी यांच्या गटाने २००४ मध्ये आठ कार्बनांच्या ताणलेल्या वलयातले अल्काइन वापरून तांब्याशिवाय हीच जोडणी साधली. मेल्डाल, शार्पलेस आणि बर्टोझी यांना २०२२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. आमच्या प्रकल्पात दोन्ही वाटा वापरायच्या आहेत, तांब्याची आधी.

बुधवार, ५ फेब्रुवारी

रंजक निवडला: सल्फो-साय५ अझाइड. हिरवे चमकणारे फ्लुओरेसीन स्वस्त आणि परिचित आहे. आडोल्फ फॉन बायर यांनी ते १८७१ मध्येच बनवले होते आणि आजही प्रयोगशाळांत ते टिकून आहे. पण त्याची चमक सामूवर अवलंबून असते, सामू साडेसहाच्या आसपास आला की ती निम्म्यावर उतरते, आणि पेशी स्वतःही हिरव्या भागात थोड्या चमकतात, त्यामुळे पार्श्वभूमी उजळ होते. सल्फो-साय५ सुमारे ६४६ नॅनोमीटरला प्रकाश शोषतो आणि ६६२ च्या आसपास बाहेर टाकतो. त्या तांबड्या भागात पेशींची स्वतःची चमक फार कमी असते. शिवाय त्याचा मोलर शोषणांक सुमारे २,७१,००० आहे, म्हणजे अगदी थोडा रंजकही मोजता येतो. सल्फोनेट गटांमुळे तो पाण्यात विरघळतो, आणि त्यामुळे प्रथिनाला नुसता चिकटून बसण्याची त्याची वृत्ती कमी असावी अशी अपेक्षा आहे.

कुपीच्या तळाशी निळसर काळ्या पापुद्र्यासारखा एक डाग होता, तोच सगळा माल. झाकण उघडण्यापूर्वी कुपी खोलीच्या तापमानाला येऊ दिली, कारण थंड कुपी उघडली की हवेतली वाफ आत शिरते. डीएमएसओ या द्रावकाचा पहिला थेंब पडताच काचेवर शाईसारखा गर्द निळा रंग पसरला. लेबलवरील वजनावरून द्रावण ५ मिलिमोलर व्हायला हवे होते. ते २००० पट विरळ करून शोषण मोजले तर ०.६८ ऐवजी ०.५६ आले, म्हणजे प्रत्यक्ष संहती ४.१ मिलिमोलर आहे. एक मिलिग्रॅमच्या कुपीत वजनावर विसंबायचे नाही, संहती नेहमी शोषणावरूनच काढायची, हे यापुढे कायम. द्रावणाचे लहान वाटे करून उणे २० अंशांवर अंधारात ठेवले.

सोमवार, १० फेब्रुवारी

बीएसएवर अल्काइन बसवले. एका रेणूत ५९ लायसीन असतात, त्यांपैकी पृष्ठभागावरची सहज उपलब्ध होणारी साधारण निम्मी. दर मिलिलिटरला १० मिलिग्रॅम बीएसए, ०.१ मोलर बायकार्बोनेट बफर, सामू ८.३, त्यात पेंटिनोइक आम्लाचा एनएचएस एस्टर दहापट. येथे ट्रिस बफर चालत नाही, कारण ट्रिसमध्ये स्वतःचा अमाइन गट असतो आणि एस्टर आधी त्यालाच जाऊन मिळतो. एस्टर पाण्यात फार टिकतही नाही, सामू ८.६ ला, थंड असतानाही, त्याचा अर्धायुकाल काही मिनिटांचा असतो. म्हणून एस्टरचे डीएमएसओ द्रावण प्रथिनात टाकण्याच्या अगदी आधी बनवले. एक तासाने जी-२५ च्या स्तंभातून गाळून लहान रेणू वेगळे केले आणि प्रथिन फॉस्फेट बफरमध्ये उतरवून घेतले.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

माल्डी वस्तुमानमापन झाले. साध्या बीएसएचे शिखर ६६.४ किलोडाल्टनच्या जागी मिळाले आणि अल्काइन बसवलेल्याचे त्याच्या सुमारे २४० डाल्टन पुढे. प्रत्येक पेंटिनॉइल गटाने ८० डाल्टन वाढतात, म्हणजे सरासरी तीन अल्काइन बसले. एवढ्या मोठ्या प्रथिनाचे शिखर रुंद असते, त्यामुळे 'तीन' हा अंदाज आहे, मोजणी नव्हे.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

पहिली क्लिक अभिक्रिया. एकूण ५०० मायक्रोलिटर: बीएसए २५ मायक्रोमोलर, रंजक १०० मायक्रोमोलर, कॉपर सल्फेट ०.१ मिलिमोलर, त्याच्या पाचपट टीएचपीटीए, अमायनोग्वानिडीन ५ मिलिमोलर आणि शेवटी सोडियम अस्कॉर्बेट ५ मिलिमोलर.

यातल्या प्रत्येक घटकाला तेथे असण्याचे कारण आहे आणि ते विद्यार्थिनीने पाठ करण्याऐवजी समजून घ्यावे, म्हणून येथे लिहिते. तांबे सल्फेटमधून येते तेव्हा ते द्विसंयुजी असते आणि त्या रूपात ते निरुपयोगी असते. अस्कॉर्बेट म्हणजे क जीवनसत्त्वाचा क्षार त्याचे क्षपण करून त्याला एकसंयुजी बनवतो. एकसंयुजी तांबे ऑक्सिजनला भेटले की त्यातून निर्माण होणारे क्रियाशील ऑक्सिजनचे रेणू प्रथिनाची मोडतोड करतात, म्हणून टीएचपीटीए हा पाण्यात विरघळणारा लिगंड तांब्याभोवती कवचासारखा राहतो. तो अभिक्रियेचा वेगही वाढवतो आणि हे घातक रेणू प्रथिनापर्यंत पोहोचण्याआधी त्यांचा मारा स्वतःवर घेतो. अस्कॉर्बेटचे ऑक्सिडीकरण होऊन जे संयुग तयार होते ते लायसीन आणि आर्जिनीनला चिकटू शकते. अमायनोग्वानिडीन त्याला आधीच पकडते. क्रमही महत्त्वाचा आहे. तांबे आणि लिगंड आधी एकत्र करायचे, मग ते प्रथिनात घालायचे, आणि अस्कॉर्बेट, तेही त्याच दिवशी बनवलेले, सगळ्यात शेवटी. त्यानंतर नळीचे झाकण लावायचे आणि ती हलवत बसायचे नाही, कारण हलवल्याने हवा मिसळते.

एका तासाने स्तंभातून गाळले. प्रथिनाचा अंश फिकट पण स्पष्ट निळा उतरला. विद्यार्थिनीला अतिशय आनंद झाला आणि मलाही झाला. मग बिनतांब्याचा कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेला नमुना, स्तंभातून काढला. तोही तितकाच निळा होता.

दोन्ही नळ्या पांढऱ्या कागदासमोर शेजारी धरून पाहिल्या. कोणती कोणाची हे झाकणावरचे अक्षर वाचल्याशिवाय सांगता येत नव्हते.

गुरुवार, २० फेब्रुवारी

परवाच्या निकालाचा अर्थ मॅडमशी बोलताना लागला. अल्ब्युमिनचे रक्तातले कामच मुळी वाहून नेण्याचे आहे: मेदाम्ले, बिलिरुबिन, अनेक औषधे यांना ते आपल्या खाचांत बसवून फिरवते. इंडोसायनिन ग्रीन हा आमच्या रंजकाचाच दूरचा भाऊबंद; तो शिरेतून दिल्यावर रक्तातील प्रथिनांना बांधला जातो, यावर तर वैद्यकातील त्याचा वापर उभा आहे. मग सल्फो-साय५ ला ते रिकाम्या हाताने कसे परत पाठवेल? सल्फोनेट गटांवर मी ठेवलेली भिस्त अल्ब्युमिनच्या बाबतीत अनाठायी होती. "निळे झाले म्हणजे जोडले गेले असे नाही. आधी उकळून पाहा," असे मॅडम म्हणाल्या.

म्हणून आज एसडीएस जेल चालवली, म्हणजे एसडीएस या साबणासारख्या रसायनात उकळलेली प्रथिने विजेच्या जोरावर जेलमधून पळवून आकारानुसार वेगळी केली. एसडीएस आणि उष्णता यांनी प्रथिन उलगडते, खाचा मोडतात, आणि जे नुसते बसलेले असते ते सुटून जेलच्या पुढच्या टोकाला पळते. सहसंयुज बंधाने जोडलेले तेवढे प्रथिनाच्या पट्ट्यात राहते. दोन गोष्टी सांभाळल्या. नमुन्याच्या बफरमध्ये नेहमीचा ब्रोमोफिनॉल ब्ल्यू घातला नाही, कारण तो तांबड्या भागात स्वतः दिसतो. त्याऐवजी ऑरेंज जी घातला. आणि प्रथिने दाखवणारा कुमासी रंग देण्याआधी फ्लुओरेसन्सचे चित्र घेतले, कारण कुमासीसुद्धा त्याच भागात चमकतो.

चित्रात ६६ किलोडाल्टनच्या जागी काहीही नव्हते, ना तांब्याच्या नमुन्यात, ना कंट्रोलमध्ये. सगळा रंजक तळाशी, एका जाड रेषेत. कुमासीनंतर प्रथिनाचे पट्टे मात्र ठळक दिसले. थोडक्यात, परवाचा निळा रंग पूर्णपणे नुसत्या चिकटण्याचा होता आणि अभिक्रिया झालीच नव्हती.

सोमवार, २४ फेब्रुवारी

तांबे काम करते आहे की नाही हे प्रथिनाविना तपासण्यासाठी ३-अझाइडो-७-हायड्रॉक्सिकूमारिन घेतले. हे संयुग अझाइड असताना जवळजवळ अंधारे असते, आणि ट्रायझोल बनले की ४०४ नॅनोमीटरच्या उत्तेजनाने ४७७ च्या आसपास निळे चमकते. म्हणजे येथे चमक हाच बंधाचा पुरावा असतो. अल्काइन म्हणून साधे प्रोपार्जिल अल्कोहोल, आणि परिस्थिती शक्य तितकी तशीच राहावी म्हणून प्रथिनासाठी वापरलेल्या बाटलीतलाच फॉस्फेट बफर.

वर्णपटात ४७० च्या आसपास एक लहानसा उंचवटा आला. तो पाहून आम्ही अभिक्रिया मंद आहे असे धरले आणि तांबे ०.१ वरून ०.२५, मग ०.५ मिलिमोलर केले, लिगंड त्याच प्रमाणात वाढवत. उंचवटा होता तसाच राहिला. तांबे पाचपट वाढवूनही चमक जराही वाढत नाही, हे मला खटकले आहे. दिवस संपला म्हणून येथे थांबले. उद्या याचाच विचार करायचा.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

चार दिवस ज्याच्या मागे गेले ते उंचवट्याचे कोडे आज सुटले. विज्ञान दिनानिमित्त शाळेतील मुले प्रयोगशाळा पाहायला येणार होती, म्हणून फ्लुओरोमीटर रिकामा करून त्यात नुसते शुद्ध पाणी ठेवले होते. ४०४ नॅनोमीटरचे उत्तेजन तसेच राहिले होते. सहज वर्णपट काढला तर तोच उंचवटा, ४६८ नॅनोमीटरला, पाण्यातही!

मग उत्तेजन ३९० केले. उंचवटा ४५० ला सरकला. एखादे रंजक खरोखर चमकत असेल, तर उत्तेजन बदलल्याने त्याची उंची बदलेल, जागा बदलणार नाही. जागा उत्तेजनाच्या मागोमाग सरकते आणि दोहोंमधले अंतर ऊर्जेच्या मापात दर सेंटीमीटरला सुमारे ३४०० तरंगसंख्येइतके कायम राहते, ते पाण्यातील ओ-एच बंधाच्या कंपनाचे रामन विकिरण होय. कूमारिनचे ४७७ आणि पाण्याचे ४६८ इतके जवळ आहेत की अभिक्रिया बंद पडलेली असताना पाण्याचीच सावली आम्ही मंद अभिक्रिया समजत होतो.

ज्या शोधाचा हा दिवस आहे त्याचीही सुरुवात याच संभ्रमातून झाली होती. कोलकात्यात रामन यांचे सहकारी के. आर. रामनाथन यांना १९२३ मध्ये विकिरित प्रकाशात एक क्षीण भाग वेगळ्या रंगाचा आढळला, तेव्हा तो द्रवातील अशुद्धीचा क्षीण फ्लुओरेसन्स असावा असे मानले गेले. द्रव पुन्हा पुन्हा शुद्ध करूनही तो जाईना. २८ फेब्रुवारी १९२८ ला ते फ्लुओरेसन्सहून निराळे काही आहे हे निश्चित झाले. मुलांना मी ठरवलेली हिरव्या चमकीची बाटली दाखवलीच, पण त्यानंतर पाण्याचा हा सरकणारा उंचवटाही दाखवला. सातवीतल्या एका मुलीने विचारले, "मग पाण्याला कोणता रंग आवडतो?" मी तिला सांगितले की पाणी येणाऱ्या प्रकाशातून प्रत्येक वेळी ऊर्जेचा तेवढाच वाटा ठेवून घेते, म्हणून त्याचा रंग आपण दिलेल्या रंगावर ठरतो. तिला ते पटल्यासारखे दिसले.

मंगळवार, ४ मार्च

अभिक्रिया न होण्याचे कारण सापडले. ज्या बाटलीतला फॉस्फेट बफर आम्ही प्रथिनासाठी आणि कूमारिनसाठीही वापरत होतो, तिच्या लेबलवर केवळ बफरचे नाव आणि सामू होता. बनवणाऱ्याची जुनी वही काढून पाहिली: त्यात १ मिलिमोलर ईडीटीए घातलेला होता. ईडीटीएचे कामच धातूचे आयन घट्ट धरून ठेवणे. अंतिम मिश्रणात तो सुमारे ०.८६ मिलिमोलर उरत होता, म्हणजे आम्ही तांबे ०.५ पर्यंत नेले तरी त्याचा प्रत्येक आयन गिळायला तो पुरेसा होता. दुसऱ्या कोणाच्या वहीला दोष देण्यात अर्थ नाही. सामायिक बाटलीत काय आहे हे न विचारता मी ती उचलली होती. आजपासून या प्रकल्पाचे बफर वेगळ्या खणात, संपूर्ण घटक लिहून.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट. बऱ्याच प्रथिनांत, विशेषतः प्रतिपिंडांच्या कुप्यांत, टिकाऊपणासाठी ०.०२ टक्के सोडियम अझाइड असते. ते ३ मिलिमोलर होते, आमच्या रंजकाच्या तीसपट, आणि तेही अझाइडच असल्याने अल्काइनसाठी रंजकाशी स्पर्धा करते. पुढे प्रतिपिंडे घेतली, तर आधी स्तंभातून गाळल्याशिवाय तांबे घालायचे नाही. टीसीईपी हे क्षपणकही टाळायचे, कारण ते अझाइडचेच क्षपण करते.

ताजा बफर, तीच कूमारिन चाचणी. अस्कॉर्बेट घातल्यावर हातातल्या दिव्याखाली नळी धरली तर काही मिनिटांतच तळापासून वरपर्यंत स्वच्छ निळी उजळली. वर्णपटात ४७७ चे शिखर इतके उंच की पाण्याचा उंचवटा त्याच्या पायथ्याशी शोधावा लागला. लगेच प्रथिन नव्या बफरमध्ये उतरवून अभिक्रिया लावली.

मंगळवार, ११ मार्च

जेल पुन्हा. तांब्याच्या नमुन्यात ६६ किलोडाल्टनला ठळक पट्टा. बिनतांब्याच्या कंट्रोलमध्ये नाही. अल्काइन नसलेल्या साध्या बीएसएत तांबे असूनही नाही. दोन्ही कंट्रोल काळे आहेत म्हणून उजळलेल्या पट्ट्याला अर्थ आहे.

चिकटलेला जादा रंजक काढणे हे मात्र वेगळे काम निघाले. एका स्तंभाने तो जात नाही. ३० किलोडाल्टनच्या गाळणीवर, १० टक्के डीएमएसओ असलेल्या बफरने सहा वेळा धुतल्यावर खाली उतरणारे पाणी रंगहीन झाले. कंट्रोलही तितक्याच वेळा, तसाच धुतला.

गुरुवार, २० मार्च

जोडणीचे प्रमाण मोजले. विरळ केलेल्या नमुन्याचे शोषण ६४६ ला ०.८१३ आणि २८० ला ०.०९८. रंजकाची संहती ०.८१३ भागिले २,७१,०००, म्हणजे ३.० मायक्रोमोलर. प्रथिनासाठी २८० चे शोषण जसेच्या तसे घेता येत नाही, कारण रंजकही तेथे थोडे शोषतो, त्याच्या मुख्य शिखराच्या सुमारे ४ टक्के. ते वजा केल्यावर ०.०६५५ उरते आणि बीएसएच्या ४३,८२४ या शोषणांकाने भागल्यावर १.५ मायक्रोमोलर. म्हणजे दर प्रथिनामागे २ रंजक. तसाच धुतलेला कंट्रोल ०.१ आला. तो अंशही निकालात लिहायचा, लपवायचा नाही.

विद्यार्थिनीने अहवालात 'प्रत्येक रेणूवर दोन रंजक' असे लिहिले होते, ते दुरुस्त करायला सांगितले. दोन ही सरासरी आहे. जोडणी यदृच्छया झाली असे धरले तर सरासरी दोन असतानाही सुमारे १३.५ टक्के रेणूंवर एकही रंजक नसतो आणि काहींवर चार किंवा पाचही असतात.

रंजक जास्त बसवले म्हणजे नमुना अधिक उजळ होतो, हाही समज तपासून पाहिला. अल्काइनचे प्रमाण मुद्दाम वाढवलेल्या दुसऱ्या नमुन्यात शोषण वाढले, परंतु उत्सर्जन त्या प्रमाणात वाढले नाही, आणि शोषणाच्या वर्णपटात ६०० च्या जवळचा खांदा मुख्य शिखराच्या तुलनेत उंचावला. सुट्या रंजकालाही तो खांदा असतो; पण तो वर चढला की रंजकाचे रेणू एकमेकांवर पानांसारखे टेकून बसले आहेत असे समजावे. अशा जोड्या प्रकाश शोषतात आणि तो बाहेर न टाकता जिरवतात. आम्ही दोनवरच थांबतो आहोत.

गुरुवार, २७ मार्च

तांब्याशिवायची वाट. अझाइड बसवलेले बीएसए आणि डीबीसीओ जोडलेला साय५. डीबीसीओमध्ये अल्काइन आठ अणूंच्या वलयात वाकवून बसवलेले असते. सरळ राहू पाहणारा तिहेरी बंध सक्तीने वाकवल्यामुळे वलयात जो ताण साठतो, तोच अभिक्रियेला पुढे ढकलतो. उत्प्रेरक नको, अस्कॉर्बेट नको. किंमत वेळेची आहे: वेग स्थिरांक दर मोलर दर सेकंद अर्ध्याच्या आसपास धरला, तर १०० मायक्रोमोलर रंजकाने निम्मी जोडणी व्हायला साधारण ४ तास लागतात. म्हणून रात्रभर ठेवले.

सकाळच्या जेलवर अपेक्षेप्रमाणे ठळक पट्टा होता. पण अझाइड नसलेल्या साध्या बीएसएच्या कंट्रोलमध्येही, फिका का होईना, पट्टा होता. उकळूनही न सुटलेला. म्हणजे हे चिकटणे नव्हे. हा खरा सहसंयुज बंध आहे, फक्त आम्हाला हवा तो नव्हे.

बीएसएमध्ये सिस्टीन या गंधकयुक्त अमिनो आम्लाचे ३५ घटक आहेत. त्यांतली ३४ जोडीजोडीने १७ डायसल्फाइड पुलांत गुंतलेली असतात आणि ३४ व्या क्रमांकाच्या जागेवरचे सिस्टीन मोकळे राहू शकते. त्याचा थायोल (गंधक-हायड्रोजनचा) गट डीबीसीओच्या ताणलेल्या तिहेरी बंधावर हळूहळू चढतो. रात्रभराच्या अवधीत तेवढेही पुरते. तो थायोल आधी आयोडोअसिटामाइडने झाकून प्रयोग पुन्हा केला. कंट्रोलमधला पट्टा जवळजवळ नाहीसा झाला आणि मुख्य नमुन्यातला तसाच राहिला. मॅडमना दोन्ही चित्रे शेजारी ठेवून दाखवली. बराच वेळ पाहून त्या म्हणाल्या, "पहिली जेल फेकू नका. तीच प्रबंधात घाला."

पेशींत थायोलची कमतरता नाही. म्हणून दुसऱ्या टप्प्यासाठी तांब्याचीच वाट धरायची असे ठरले. पेशी आधी फॉर्माल्डिहाइडने स्थिर केलेल्या असणार, त्यामुळे तांब्याच्या विषारीपणाचा प्रश्न तेथे उरत नाही.

मंगळवार, ८ एप्रिल

पेशीविज्ञान गटाच्या हेला पेशींवर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींवर, पहिला प्रयोग. ईडीयू हा थायमिडीन या डीएनएच्या घटकाचा सख्खा नातलग. थायमिडीनच्या मिथिल गटाच्या जागी त्यात टोकाचे अल्काइन आहे, आणि डीएनएची नक्कल करणारी यंत्रणा त्याला थायमिडीन समजून नव्या साखळीत विणते. ॲड्रियन सॅलिक आणि टिमोथी मिचिसन यांनी २००८ मध्ये ही पद्धत मांडली. त्याआधीच्या ब्रोमोडीऑक्सियुरिडीनच्या पद्धतीत प्रतिपिंडाला आत पोहोचता यावे म्हणून आम्ल किंवा एन्झाइम वापरून डीएनए उघडावा लागे, आणि त्यात केंद्रकाची रचना बिघडे. अझाइड रंजक प्रतिपिंडाच्या तुलनेत इतका लहान आहे की दुहेरी साखळी न उलगडताच तो अल्काइनपर्यंत जातो.

१० मायक्रोमोलर ईडीयू एक तास. मग स्थिरीकरण, ट्रायटनने पटल सच्छिद्र करणे, आणि १० मायक्रोमोलर साय५ अझाइडसह तांब्याचे मिश्रण अर्धा तास अंधारात. शेवटी सर्व केंद्रके दिसावीत म्हणून होएक्स्ट. ज्यांना याच काचेवर जीएफपी (हिरवे चमकणारे प्रथिन) किंवा फॅलोइडिन (पेशीतल्या अ‍ॅक्टिन तंतूंना धरणारे संयुग) पाहायचे असेल त्यांनी आधी बोलावे, कारण तांब्याच्या अभिक्रियेने त्या दोन्हींचे नुकसान होते.

विद्यार्थिनीने नेत्रिकेतून पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. "ताई, काहीच दिसत नाही." साय५ चे उत्सर्जन इतके तांबडे आहे की डोळ्याला ते जवळजवळ कळत नाही, ते कॅमेऱ्याचे काम आहे. प्रकाश कॅमेऱ्याकडे वळवला आणि पडद्यावर केंद्रके एकामागून एक उजळली.

३१२ केंद्रके मोजली, ११८ उजळ होती. ईडीयू न दिलेल्या काचेवर एकही नाही. ईडीयू दिले पण तांबे वगळले त्या काचेवरही एकही नाही. उजळ केंद्रकांतही फरक होता. काहींत सर्वभर बारीक रव्यासारखे ठिपके होते, म्हणजे नक्कल नुकती सुरू झालेली. काहींत कडेला आणि केंद्रिकेभोवती मोजकेच मोठे पुंजके, म्हणजे ती संपत आलेली. पटाच्या डाव्या कोपऱ्यात एकमेकांना खेटून दोन लहान केंद्रके होती, नुकत्याच विभागलेल्या एका पेशीच्या दोन लेकी. अशा पेशी त्या तासात डीएनएची नक्कल करत नसतात. होएक्स्टच्या चित्रात ती जोडी निळी, स्पष्ट दिसत होती. साय५ च्या चित्रात त्या जागी कॅमेऱ्याची संवेदनशीलता शेवटापर्यंत वाढवून पाहिली. दोन्ही केंद्रके काळीच राहिली.